मदत हवी आहे: ६० गिगाहर्ट्झची वायरलेस जोडणी आपल्याकडे कायद्यात बसते का?

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. फायबर जोडणं, राउटर बसवणं, डिश लावणं ही माझी रोजची कामं. प्रश्न माझ्या धंद्याचा नाही, गावच्या अभ्यासिकेचा आहे.

ग्रामपंचायतीत भारतनेटचं, म्हणजे सरकारच्या गावोगावी इंटरनेट देणाऱ्या योजनेचं, फायबर आलेलं आहे. अभ्यासिका नाल्यापलीकडे, जुन्या समाजमंदिरात. सरळ रेषेत अंतर ८०० मीटर. जमिनीतून केबल दोनदा टाकली. पहिली नाला खोलीकरणात जेसीबीने उचकटली, दुसरी रस्त्याच्या कामात गेली. आता ५ गिगाहर्ट्झची डिश आहे, पण संध्याकाळी सात वाजले की तिचा दम जातो. परवा पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी टेस्ट सोडवत होती. ४३ व्या प्रश्नावर गोल फिरत राहिलं, वेळ मात्र वरच्या कोपऱ्यात धावत होती. ती काही बोलली नाही, वही काढून मागचे प्रश्न लिहीत बसली. ते बघून मला रात्रभर झोप आली नाही.

माझा मामेभाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय. तो म्हणतो, ६० गिगाहर्ट्झच्या यंत्रांची जोडी आणतो, तिकडे तिला परवाना लागत नाही, एक गिगाबिट सहज मिळतं.

मी वाचलं त्यावरून हा पट्टा, म्हणजे रेडिओ लहरींचा हा टप्पा, आपल्या कामाचा वाटतो. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास हवेतला ऑक्सिजनच लहरी शोषतो, किलोमीटरमागे साधारण १५ डेसिबल (सिग्नल किती घटला याचं माप). त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या गावापर्यंत जातच नाही, आणि म्हणूनच अनेक देशांनी तो मोकळा सोडला. अमेरिकेत आधी ५७ ते ६४ गिगाहर्ट्झ मोकळा होता, २०१६ मध्ये ७१ पर्यंत वाढवला. ब्रिटननेही २०१८ मध्ये ५७ ते ७१ परवानामुक्त केला. मग आपल्याकडे काय? कमी ताकदीचं, कमी अंतराचं यंत्र असेल तर चालतं, असं एक दुकानदार म्हणाला. खरं का? सेटिंगमध्ये देश ‘अमेरिका’ निवडला की सगळे चॅनल उघडतात, तेवढ्याने भागतं का? उद्या कोणी तपासायला आलं तर नाव अभ्यासिकेचं खराब होईल, म्हणून आधी विचारतोय.

टॉवरवाला_चंद्रपूर:
भाऊ, कायद्याचं रेडिओ_नागपूर ताई सांगतील. मी पावसाचं सांगतो. ताशी ५० मिलिमीटरची सर आली तर ६० गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे साधारण १७ डेसिबल जातात. तुमच्या ८०० मीटरला १४ धरा, वर ऑक्सिजनचे १२. आपल्याकडची जुलैची सर तुम्हाला माहीत आहे. जोडणी चालेल, पण ऐन पावसात बसेल.

दुसरं, डिश कशावर लावली आहे? जमिनीतल्या पोलवर असेल तर ओळंबा लावून बघा.

धागाकर्ता:
दादा, पोल २० फुटी, काळ्या मातीतच रोवलेला. आत्ताच ओळंबा सोडून आलो. शेंडा बुडापासून सहा इंच सरकलाय. पावसाळ्यात माती फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

टॉवरवाला_चंद्रपूर:
२० फुटांत सहा इंच म्हणजे जवळजवळ दीड अंश. ६० गिगाहर्ट्झला एक फुटी डिशचा झोत सव्वा अंशाच्या आतबाहेर असतो. म्हणजे तुमचा पोल एका उन्हाळ्यात झोत पूर्ण चुकवेल. ५ गिगाहर्ट्झचा झोत आठ-दहा अंश रुंद, म्हणून तुम्हाला आजवर कळलं नाही.

रेडिओ_नागपूर:
दुकानदाराचं ऐकू नका. ‘कमी ताकद म्हणजे मोकळं’ असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. कोणता पट्टा परवानामुक्त, हे दूरसंचार खात्याच्या अधिसूचनेत नाव घेऊन सांगितलेलं असतं. २.४ गिगाहर्ट्झ २००५ मध्ये मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे घराबाहेर वापरायला ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाले. तुमचा ६० गिगाहर्ट्झचा पट्टा तसा मोकळा केलेला नाही. २०१९ मध्ये गूगलने पिक्सेल ४ फोन भारतात आणलाच नाही, कारण त्यातलं छोटंसं रडार ६० गिगाहर्ट्झवर चालायचं. खिशातल्या फोनला जिथे सूट मिळाली नाही, तिथे छपरावरच्या डिशला कशी मिळेल?

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१४ मध्येच शिफारस केली होती की हा पट्टा, आणि ७१-७६ व ८१-८६ गिगाहर्ट्झचा ई-बँडसुद्धा, हलक्या नियमांखाली खुला करावा. हलके नियम म्हणजे अमेरिकेत ई-बँडला आहेत तसे. तिथे २००३ पासून देशभराचा एक परवाना घ्यायचा, मग प्रत्येक जोडणी नोंदवायची. आधी नोंदवलेल्याला संरक्षण, नंतर आलेल्याने जुळवून घ्यायचं. मला स्वतःला ही पद्धत आपल्या खेड्यांसाठी फार योग्य वाटते. पण इंटरनेटवाले पट्टा मोकळा मागतात, मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचा त्याला विरोध आहे, आणि गाडी त्या ओढाताणीत अडकली.

देश ‘अमेरिका’ निवडून यंत्राचं सॉफ्टवेअर बदलतं, कायदा बदलत नाही. आणि भावाला आधीच सांगा, परवान्याच्या पट्ट्यातलं यंत्र बॅगेतून आणायलाही डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या रेडिओ लहरी सांभाळणाऱ्या शाखेची, आयात परवानगी लागते. ५ गिगाहर्ट्झचं यंत्र इथे विकत घ्याल तेव्हासुद्धा ईटीए प्रमाणपत्र (यंत्राला मिळालेली त्याच शाखेची मंजुरी) मागून घ्या.

धागाकर्ता:
ताई, फार उपकार झाले. भावाला आजच फोन करतो. पण मग मुलांचं काय करू?

रेडिओ_नागपूर:
तुमची सध्याची डिश कोणत्या चॅनलवर आहे? रुंदी किती ठेवली?

धागाकर्ता:
५७४५ मेगाहर्ट्झ, रुंदी ८०. स्कॅन केलं तर त्याच भागात आणखी अकरा नेटवर्क दिसतात. बाजारातले सगळे तिथेच आहेत.

रेडिओ_नागपूर:
तेच दुखणं. ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा मधला पट्टाही २०१८ पासून मोकळा आहे. तिथे रडारला वाट द्यावी लागते, म्हणून यंत्र सुरू होताना मिनिटभर नुसतं ऐकत बसतं. लोकांना वाटतं बिघडलं, आणि ते परत वरच्या पट्ट्यात जातात. तुम्ही देश ‘भारत’ ठेवा, मधल्या पट्ट्यात या, रुंदी ४० करा. ताकद तिथे कमी ठेवावी लागते, पण ८०० मीटरला पुरते.

वऱ्हाडी_लाइनमन:
राजेहो, कायमचं करायचं असंन तर केबल वरून न्या. जमिनीत टाकसान तर जेसीबी पुन्हा येईन. स्वतःचा भार पेलणारी एडीएसएस केबल घ्या, पंचायतीचा ठराव करा, अन् पोल काळ्या मातीत ठेवू नका. मुरूम लागेलोक खोदा.

धागाकर्ता:
चार दिवसांनी लिहितोय. डिश मधल्या पट्ट्यावर नेली, ४० वर ठेवली. संध्याकाळी आठ वाजता तीन मुलं एकाच वेळी टेस्ट देत होती, एकदाही अडकलं नाही. ती मुलगीही होती.

ग्रामसभेत एडीएसएसचा विषय मांडला, सरपंचताईंनी पुढच्या बैठकीत ठराव घ्यायचं कबूल केलं. लाइनमनभाऊ, तोवर डिशचा पोल तरी सरळ करावा म्हणून आज सकाळी बुडाशी खोदायला घेतलं. साडेचार फुटांवर मुरूम लागला. तेवढ्यावर भागेल की अजून फूटभर मुरमात जाऊ?

वऱ्हाडी_लाइनमन:
फूटभर जा भाऊ. अन् भोवती माती नको भरू, मुरूम अन् गिट्टीच भर.