लोअरकेस : लघुलिपी, लहान लिपी की दुसरी लिपी?

प्रश्न : मी रोमन अक्षरांचा एक शोभेचा फाँट काढतेय. त्यात फक्त लोअरकेस (a, b, c) आहे, कॅपिटल (A, B, C) नाहीत. त्याची माहिती मराठीत लिहायचीय. लोअरकेसला 'लघुलिपी' चालेल का? डेकोरेटिव्ह, असेंडर (अक्षराचा वर जाणारा भाग), डिसेंडर (ओळीखाली उतरणारा भाग) यांनाही शब्द हवेत.

उत्तर १ : लघुलिपी नको, ताई. लघुलिपी म्हणजे शॉर्टहँड, वाचणाऱ्याच्या मनात आधी तेच येईल. 'लहान अक्षरं' बोलताना ठीक, पण फाँट काढणाऱ्याला अडचणीचं. बी, डी, एच यांचे दांडे कॅपिटलएवढे, कित्येक फाँटांत त्याहून उंच असतात. जी आणि वाय ओळीच्या खाली उतरतात. मग लहान कसली? फरक मापाचा नाही, घडणीचा आहे. मूळ इंग्रजी शब्दही मापावरून आलेला नाही. छापखान्यात खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या दोन पेट्या एकीवर एक तिरक्या मांडलेल्या असत. कॅपिटल वरच्या पेटीत, सारखी लागणारी अक्षरं खालच्या पेटीत, खिळे जुळवणाऱ्याच्या हाताशी. लोअर म्हणजे खालची, केस म्हणजे पेटी. आमच्या शाळेत याला 'दुसरी लिपी' म्हणत. मी तोच शब्द घेईन.

उत्तर २ : दुसरी लिपी, मान्य. पण 'डेकोरेटिव्ह'ला सरसकट 'नक्षीदार' म्हणू नका. नक्षी वरून चढवतात. अक्षराच्या अंगावर वेलबुट्टी भरली असेल तर नक्षीदार. अक्षराचा घाटच वेगळा असेल तर 'घाटदार' किंवा 'डौलदार' म्हणावं. 'एक टाइप' या फाँट काढणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फाँट बघा. नक्षी एकही नाही. अक्षरं इतकी फुगवलीत की पोटाची, म्हणजे आतली मोकळी जागा बारीक पांढऱ्या रेघेएवढी उरते. सगळी शोभा त्या रेघेत आहे.

अवयवांसाठी नवे शब्द पाडायची गरज नाही. आपण अक्षराकडे देह म्हणूनच बघतो. पोटफोड्या ष म्हणतो, क् लिहिताना पाय मोडतो. शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही देठाचा श आणि पाकळीचा ल आहे. तेव्हा असेंडरला शेंडी, डिसेंडरला शेपूट, आतल्या मोकळ्या जागेला पोट.

प्रश्नकर्ती : दोघांचे मनापासून आभार. काल रात्री याच शब्दांत कच्ची टिपणं लिहिली आणि एक चूक सापडली. 'एच'च्या शेंडीला मी वळसा दिला होता, 'जी'च्या शेपटालाही. दोन ओळी जवळ मांडल्या की वरच्या ओळीतलं शेपूट खालच्या ओळीतल्या शेंडीत अडकतं. इंग्रजी नावांनी लिहिताना हे कागदावर असूनही दिसलं नव्हतं. आता शेपूट आखूड करतेय, शेंडी तशीच ठेवतेय. माझा फाँट घाटदारच आहे, नक्षीदार नाही. राहिला एक शब्द. बेसलाइनला काय म्हणू? देवनागरी शिरोरेघेला लटकते, रोमन खालच्या रेघेवर उभी राहते. 'पायरेघ' कानाला कसं वाटतं?

उत्तर १ : पायरेघ चांगला आहे. शिरोरेघेच्या जोडीला शोभतो.