मदत हवी आहे: ओम्नीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये ऑइल भरायला काय वापरता?

मंडळी, घरच्या जुन्या मारुती ओम्नीचं डिफरन्शियल ऑइल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरच्या पेटीतलं तेल) घरीच बदलायचं आहे. काढण्याचा प्रश्न नाही, खालचा प्लग सोडला की काम झालं. (वरचा, भरायचा प्लग सुटतोय याची खात्री आधी करणार, नाहीतर गाडी कोरडीच उभी राहायची!) घोडं अडतं ते भरताना. भरायचा प्लग त्या पेटीच्या अंगावर आडवा, डोक्यावर गाडीचा पत्रा. तिथे डबा तिरका करायलाही जागा नाही, नरसाळ्याचं तर नावच नको. शिवाय ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरायचं, म्हणजे गाडी सपाट हवी. एकाच बाजूला जॅक लावून चालत नाही.

मोठी प्लास्टिकची सिरिंज आणि नळी हा स्वस्तातला उपाय. पण ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं गियर ऑइल काकवीसारखं दाट, दट्ट्या दाबताना नळी निसटली की सगळं तोंडावर. डब्याच्या तोंडावर बसणारा हातपंप ऑनलाइन दिसतो, पण तो साबणाच्या बाटलीचाच मोठा भाऊ वाटतो. धातूची सक्शन गन (दट्ट्याने तेल ओढून घेणारी आणि ढकलणारी मोठी पिचकारी) त्यातल्या त्यात भरवशाची दिसते. गॅरेजमधला लिव्हरचा बादलीपंप एका गाडीसाठी कशाला?

कोणी सक्शन गन वापरली आहे का? दट्ट्याचं वायसर गियर ऑइलला टिकतं का, की फुगतं? नळी किती जाडीची लावता? आणि डबा आधी गरम पाण्यात ठेवला तर खरंच फरक पडतो का?