चंद्राच्या विरुद्ध बाजूलाही भरती का येते?

प्रश्न:
चंद्र समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढतो म्हणून भरती येते, असे शाळेत शिकलो होतो. तसे असेल तर चंद्रासमोरच्या बाजूलाच, म्हणजे दिवसातून एकदाच भरती यायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक किनाऱ्यांवर ती सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येते. शिवाय सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोराने ओढत असूनही भरतीवर चंद्राचाच प्रभाव अधिक का?

उत्तर १:
आपल्या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे: भरती आकर्षणामुळे नव्हे, तर आकर्षणातील फरकामुळे येते. चंद्रासमोरचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा चंद्राला सुमारे ६,३७० किलोमीटरने जवळ असते, म्हणून ते केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते. पलीकडचे पाणी केंद्रापेक्षा तितक्याच अंतराने दूर असल्याने कमी ओढले जाते आणि मागे राहते. म्हणून फुगवटे दोन. पृथ्वीच्या एका परिवलनात चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकतो, त्यामुळे तो पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात. आपण दिलेले अंतर त्याच्या निम्मे आहे.

आता सूर्य. हा फरक म्हणजे, ढोबळमानाने, एकूण आकर्षण गुणिले पृथ्वीच्या आकाराचे ओढणाऱ्या गोलाच्या अंतराशी असलेले प्रमाण. सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे. १८० ला ३९० ने भागले की ०.४६ येतात, आणि सूर्याचा भरतीतील वाटा चंद्राच्या तुलनेत खरोखरच तेवढा आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे परिणाम जुळून उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना काही प्रमाणात कमी करतात आणि भांगाची, म्हणजे लहान, भरती येते.

उत्तर २:
एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. चंद्र पाणी उचलतो, ही कल्पना सोडून द्यावी. त्याचे भरतीजनक बल पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकेच असते, त्यामुळे उभ्या दिशेने ते जवळजवळ काहीच साधत नाही. काम होते ते पृष्ठभागाला समांतर असलेल्या घटकामुळे, कारण त्या दिशेत पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण आडवे येत नाही आणि हजारो किलोमीटरवरचे पाणी हळूहळू सरकून एकत्र येते.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. मग चंद्र डोक्यावर असतानाच भरती पूर्ण व्हायला हवी ना?

उत्तर ३:
नाही, कारण दोन फुगवट्यांचे चित्र सर्वत्र खोल समुद्र असलेल्या काल्पनिक पृथ्वीचे आहे. चार किलोमीटर खोल समुद्रात अशी लांब लाट ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास धावते, तर विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते; लाट चंद्राच्या पावलावर पाऊल ठेवू शकत नाही. त्यात खंडांचे अडथळे येतात. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने अठराव्या शतकात भरतीकडे वाहत्या पाण्याची लाट म्हणून पाहिले, आणि माझ्या मते खरी उकल तेथे सुरू होते. ही लाट समुद्रातील काही बिंदूंभोवती गोल फिरते. त्या बिंदूंवर पाण्याची पातळी जवळजवळ बदलत नाही. उलट कॅनडातील फंडीच्या उपसागरात पाण्याच्या स्वाभाविक हेलकाव्याचा काळ भरतीच्या काळाशी जवळपास जुळत असल्याने तेथे भरती-ओहोटीतील फरक १६ मीटरपर्यंत जातो. म्हणूनच प्रत्येक बंदराचे भरतीचे वेळापत्रक तेथील पाण्याच्या पातळीच्या प्रत्यक्ष नोंदींवरून तयार करावे लागते.