टाळ्या नटाला, शाल नटाला, लेखकाला काय? 'हास्यजत्रा'च्या आभारावरून पेटलेला धागा

खालचीवाडी (संगमेश्वर):
परवा इथे कुणीतरी टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या विनोदी कार्यक्रमाच्या दोन लेखक-दिग्दर्शक सचिनांचे, म्हणजे गोस्वामी आणि मोटे यांचे, चार ओळींत आभार मानले. साधी गोष्ट. त्याखाली पेटारेवाल्यांनी लिहिलं, "आभार कसले? हसवतात समीर चौघुले नि नम्रता संभेराव. लिहायला काय, कोणीही लिहील. आमच्या दशावतारात लेखक नसतोच, तरी रात्र उजाडते." आणि त्यावर अंगठ्यांची रांग.

मी तिथे गप्प बसलो, पण आता धागाच काढतो.

कोणीही लिहील ना? मग लिहा. २०१८ पासून हा कार्यक्रम चालू आहे. आठवड्याला दोन नाही, चार-चार भाग काढलेत लोकांनी. दहा-बारा मिनिटांत माणूस उभा करायचा, त्याला अडकवायचं, अडकलेला आणखी अडकवायचा आणि परीक्षक खुर्चीतून हलतील असा शेवट आणायचा. उद्या परत नवीन. लॉली हे पात्र नम्रताचं, मान्य. तिच्या जागी दुसरी उभी करून बघा, पडेल. पण लॉली दहाव्यांदा येते तेव्हा तिला नव्या घोळात कोण टाकतं? आणि तालमीत "हे वाक्य काढ, इथे थांब, तू हसू नकोस" हे सांगणारा दिग्दर्शक कुठल्या टाळीत दिसतो?

मी आमच्या वाडीच्या नमनाचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा, वग लिहितो, म्हणून जरा जास्त झोंबलं, असं म्हणा हवं तर. गावच्या मुंबईकरांनी मोठ्या हौसेने प्रयोग लावला. संकासुर झालेल्याला पैसे, राजाला शाल, जनरेटरवाल्याचं माइकवर नाव. मी? "आणि ज्ञात-अज्ञात सहकारी." अज्ञात! माझा सख्खा चुलतभाऊ माइकवर होता.

पेटारेवाला (कुडाळ):
बरं झालं धागा काढलात. तिकडे नीट उत्तर देता येत नव्हतं.

तुम्हाला शाल मिळाली नाही त्याचा राग माझ्यावर कशाला? चुलतभावाला धरा.

आता ऐका. आम्ही देवळात पोचतो, मालक सांगतो आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस, तू राणी. रंग लावता लावता काय ती तयारी. समोरच्याने रंगात येऊन भलताच सवाल टाकला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, पेटीवाला सूर धरून बसलेला असतो, मागे कागद शोधायला जाता येत नाही. आमच्या दशावतारातल्या बाबी कलिंगणांची भाषणं कोणी लिहून दिली होती का? माणसं पहाटेपर्यंत थंडीत चादर गुंडाळून बसायची ती त्या तोंडासाठी.

आणि तुमच्याच हास्यजत्रेत समीर चौघुले, प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात. म्हणजे लेखक शेवटी नटच निघाला ना? मग मी वेगळं काय म्हटलं?

खालचीवाडी (संगमेश्वर):
उलटं म्हटलंत. चौघुले नट असूनही बसून लिहितात, कारण रंग लावता लावता ते होत नाही हे त्यांना कळतं. तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे.

आणि दशावताराचं म्हणाल तर गोष्ट पुराणातली. राजा कोण, राक्षस कोण, मरणार कोण, हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. तुमच्या हाताशी सबंध रात्र असते. जत्रेतला माणूस पडद्यावर येतो तेव्हा तो कोण हे कुणालाच माहीत नसतं, आणि बारा मिनिटांनी जाहिरात लागते.

गोदाक्का (चिपळूण):
तुमच्या भांडणात मी पडणार नव्हते. पण २२ जुलै २०२१ चा पूर आमच्या घरात शिरला होता. वाशिष्ठीचा चिखल काढून काढून सगळ्यांचे हात गळाले, आणि सासूबाई कुणाशी बोलेनाशा झाल्या. कपाटातले फोटो गेले होते त्यांचे. एका रात्री मुलाने मोबाइलवर हास्यजत्रेतल्या ओंकार भोजनेचं काहीतरी लावलं. "अगं अगं आई" ऐकून त्या अशा हसल्या की आम्ही घाबरलो.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला कुठलाही लेखक आठवला नाही. ओंकार चिपळूणचा, आमचा पोरगा, एवढंच मनात आलं.

पण २०२२ ला तो दुसऱ्या वाहिनीवर गेला तेव्हा मी भक्तीने बघायला बसले. माणूस तोच, आवाज तोच. मला तसं हसू आलं नाही. आता ते कागदामुळे की माझ्यामुळे, मला विचारू नका. दोघेही आपापल्या बाजूला ओढाल.

खालचीवाडी (संगमेश्वर):
ओढतोच. कागदामुळे.

पेटारेवाला (कुडाळ):
गोदाक्का, तुमच्या सासूबाई हसल्या त्या ओंकारला. विषय संपला.

डोंबिवलीकर चाकरमानी:
लेखक-नट जाऊ दे. मला तर प्रभाकर मोरेंनी आपली मालवणी जत्रेत नेली याचाच आनंद आहे. "शालू झोका दे गो मैना" लागलं की आमची अख्खी चाळ नाचते.

खालचीवाडी (संगमेश्वर):
मालवणी?

भाऊ, ती मालवणी नाही! ती आमच्याकडची, रत्नागिरी-चिपळूणकडची बोली आहे. कोकण म्हटलं की मालवणी, हे टीव्हीवाल्यांनी डोक्यात इतकं भरलंय की आपला माणूस आपल्या बोलीत बोलला तरी तुम्ही त्याला सावंतवाडीच्या गाडीत बसवता. खाडीच्या अलीकडे माणसं राहत नाहीत काय? आमी काय बोलायचाच नाय काय?

पेटारेवाला (कुडाळ):
बोला की, कोणी अडवलंय? मालवणीला टीव्हीवर जागा कोणी दान दिली नाही. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक गावोगाव नेलं, पाच हजारांवर प्रयोग केले, मराठी माणसाला ती भाषा समजायला भाग पाडलं. म्हणून पुढे 'रात्रीस खेळ चाले' आणि 'गाव गाता गजाली' या मालिका चालल्या. तुम्ही काय केलंत? नमनात फक्त कृष्णाला उशीर झाला म्हणून गवळणींना रडवलंत.

खालचीवाडी (संगमेश्वर):
वा! 'वस्त्रहरण' काढलंत, उत्तम झालं. लिहिलं कोणी? गंगाराम गवाणकरांनी. गाव कुठलं? माडबन. तालुका? राजापूर. जिल्हा? तुम्हीच सांगा, मला लाज वाटते.

आणि 'गजाली' लिहिलं प्रल्हाद कुडतरकरांनी. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये पांडू होऊन "इसारलंय" म्हणणारे आणि त्या मालिकेच्या लेखनातही असणारे तेच. पांडू सगळ्यांना आठवतो, लेखक कोण ते सगळे इसारलंय. मूळ मुद्दा हाच होता माझा.

पेटारेवाला (कुडाळ):
राजापूरच्या दक्षिणेला काय बोलतात ते एकदा जाऊन ऐका. जिल्ह्याची रेघ ओढून बोली बदलत नाही. शिवाय नाटक आलं १९८० ला. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. तेव्हा आम्ही सगळेच रत्नागिरीत होतो. त्या हिशेबाने माझे आजोबापण रत्नागिरीकर, त्यांच्या नावाची शाल तुम्ही घ्या.

अष्टागर (अलिबाग):
दोघांचं चालू द्या. आगरी नावाचीही एक बोली असते आणि रायगड नावाचा जिल्हाही कोकणात आहे, एवढं फक्त नोंदवून ठेवतो. आमच्या वाट्याला टीव्हीवर फक्त हळदीची गाणी येतात.

देवगडचो:
मेल्यांनू, इषय खय होतो आणि खय नेल्यात? आभार कोणाचे मानूचे ह्या इचारल्यान, तुमी बोलीची वाटणी करूक बसलास. सातबारो हाडलास काय रे वांगडा? आणि चाकरमान्यान आग लावून दिल्यान तो खय गेलो?

डोंबिवलीकर चाकरमानी:
इथेच आहे, लोकलमध्ये. मी फक्त गाणं आवडतं म्हटलं होतं.

पूर्णगडची लेक:
इतका वेळ वाचतेय. गोदाक्का सोडल्या तर सगळे पुरुष, आणि सगळ्यांना कुणाला तरी शाल द्यायची आहे.

लेखकाचे आभार मानायचे ना? माना. मग हिशेब पूर्ण करा. बायको जाडी, बायको काळी, पुरुषाने साडी नेसली की हशा, हे टीव्हीवरच्या स्किटांत वर्षानुवर्षं येतंय. तेव्हा आपण नटीला म्हणतो, "तिने कसं काय केलं हे?" ती बिचारी कागदावरचं बोलते. वाहवा कागदाची असेल तर तो आचरटपणाही कागदाचाच. मी अंगाने भरलेली आहे. लग्नाच्या मांडवात दिराने असलाच एक विनोद माझ्यावर मारला, टीव्हीतला, शब्दाला शब्द. लोक हसले. मला त्या क्षणी लेखकाचं नाव माहीत असतं तर बरं झालं असतं.

पेटारेवाला (कुडाळ):
ताई, शंभर टक्के. बघा, खालचीवाडी, लेखक किती महत्त्वाचा असतो ते!

खालचीवाडी (संगमेश्वर):
आता सोयीचा झाला का लेखक?

ताई, तुमचं खोडून काढणार नाही. नाव लावायचं म्हणजे दोन्हीसाठी लावायचं. पण जत्रेचं एक सांगतो, बायकांना नुसतं टोमणे खायला उभं करत नाहीत तिथे. नम्रता, वनिता खरात, शिवाली परब यांना स्वतःचं काम असतं, हशा त्या काढतात. विशाखा सुभेदार होत्या तेव्हा तर समीर चौघुल्यांच्या नाकी नऊ यायचे. हे आपोआप होत नाही, कुणीतरी कागदावर तसं ठरवतं.

पूर्णगडची लेक:
बाकीच्यांपेक्षा बरे, एवढं देते. त्याहून जास्त मागू नका.

हर्णै बंदर:
माझं जरा वेगळं. निसर्ग वादळ झालं, ३ जून २०२०, त्यानंतर आमच्याकडे वीज यायला किती लागले ते दापोलीकरांना विचारा. नारळ, पोफळी आडव्या. बंदरावर एकाच्या गाडीच्या बॅटरीवर मोबाइल लावून आम्ही हास्यजत्रेची जुनी स्किटं ऐकायचो. ऐकायचो म्हणतोय, कारण पडदा फुटलेला होता. चेहरा दिसत नव्हता, हातवारे दिसत नव्हते, तरी पोटात दुखेपर्यंत हसलो. आता पेटारेवाल्यांनी सांगावं, ते काय होतं?

पेटारेवाला (कुडाळ):
आवाज होता. टायमिंग होतं. कागद मोबाइलमधून ऐकू येत नाही.

हर्णै बंदर:
दुसऱ्या दिवशी जाळी विणताना तीच वाक्यं आम्ही आमच्या फाटक्या आवाजात बोललो. तरी हसलो. आमचं टायमिंग कसलं आलंय?

गोदाक्का (चिपळूण):
पेटारेवाले, आता बोला.

पेटारेवाला (कुडाळ):
बोलतो की. मासेवाल्याचं टायमिंग वाईट असतं असं कोणी सांगितलं? लिलावात उभे राहून बघा एकदा.

बरं, एवढं धरून चाला की टीव्हीला कागद लागतो. टीव्हीला. कॅमेरा थांबत नाही, वेळ मोजलेला, तिथे आमच्यासारखं अर्धा तास युद्ध लांबवता येत नाही. पण म्हणून उद्या आमच्या रंगात कोणी वही घेऊन येऊ नये. आधीच ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कारांच्या, धुरात नट दिसेनासा झालाय. पोरं संवादापेक्षा साप कधी उडतो ते बघतात. त्यावर कोणी धागा काढत नाही.

अष्टागर (अलिबाग):
काढू नका, प्लीज.

खालचीवाडी (संगमेश्वर):
"टीव्हीला कागद लागतो." लिहून ठेवतो, तारखेसह.

आता कामाचं. आमच्या मंडळाची सभा लागणार आहे, शिमग्यानंतर जत्रेतला एखादा कलाकार आणायचा विषय आहे. सुपारी कितीला जाईल देव जाणे. मी ठराव मांडणार आहे की बॅनरवर कलाकाराच्या फोटोखाली लेखक-दिग्दर्शकाची नावं छापायची, आणि आपल्या वगाच्या प्रयोगाला आपल्या लेखकाचंही नाव माइकवर घ्यायचं. चुलतभावाने आत्ताच सांगितलंय, "फोटो लहान होईल."

देवगडचो:
लेखकाचो फोटो घालूक सांग नको म्हणजे झाला. बघूक कोण येवचो नाय.

डोंबिवलीकर चाकरमानी:
आमच्या मंडळाच्या पत्रिकेत मी घालून घेतो नावं. छपाई माझ्याकडे आहे. पण बोली कुठली लिहायची ते आधी तुम्ही दोघं ठरवा, मी परत मधे पडणार नाही.

पेटारेवाला (कुडाळ):
ठीक आहे, मीही मागे राहत नाही. पुढच्या दहीकाल्याच्या, म्हणजे आमच्या दशावताराच्या प्रयोगाच्या, बोर्डावर 'लेखक : महर्षी व्यास' असं मोठ्या अक्षरात घालतो. फक्त मानधन कुठे पाठवायचं ते खालचीवाडीने सांगावं.

देवगडचो:
आधी पेटयेवाल्याचे गेल्या सालचे पैशे दी रे मेल्या. व्यास थांबतीत.