ओमाहामध्ये हात पटकन कसा वाचायचा? मदत हवी आहे

पोकरमधलं टेक्सास होल्डेम बऱ्यापैकी येतं, आता त्याचाच दुसरा प्रकार, ओमाहा शिकतोय. पाच पानांचा हात बनवताना हातातल्या चारपैकी दोनच पानं आणि बोर्डवरच्या (टेबलावर उघडलेल्या, सगळ्यांच्या सामायिक) पाचपैकी तीनच, हा नियम कळलाय, पण चालू डावात ते पटकन दिसत नाही. म्हणजे बोर्डवर चार बदाम आहेत आणि हातात नुसता बदामचा एक्का, तर फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) नाहीच, हे समजतं. पण बोर्डवर दोन राजे, दोन सत्त्या आणि एक दुर्री असेल आणि माझ्याकडे एक्का, राजा, राणी, गुलाम, तर नजर थेट फुल हाऊसवर (तीन सारखी पानं आणि एक जोडी) जाते, खरं तर तिथे तीन राजेच होतात ना?

हातातल्या चार पानांच्या सहा जोड्या, बोर्डच्या दहा तिकड्या, म्हणजे साठ हात, एवढं दरवेळी तपासणार कसं? जाणकारांनी सांगा, तुम्ही आधी बोर्ड बघून कुठल्या दोन पानांनी नट्स (त्या बोर्डवरचा सगळ्यात भारी हात) बनतो ते ठरवता की आपल्या जोड्यांपासून सुरू करता? आणि स्ट्रेट (ओळीने पाच पानं) ओळखायची काही सोपी पद्धत आहे का, कारण मला सगळ्यात अवघड तेच वाटतं. घरी पत्ते मांडून सराव करायची तयारी आहे, फक्त नेमका कसा करायचा ते सांगा प्लीज.