लिस्बनमधली ई-सायकल फूड टूर: आई-बाबांना झेपेल का?

मुळामुठा

ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन चार दिवस लिस्बनला जातेय. आम्ही आइंडहोवनला असतो, ते दोघे पुण्याहून येताहेत. नवऱ्याने उत्साहाच्या भरात एक गाइडेड ई-सायकल फूड टूर शोधून ठेवलीय. साडेतीन तास, सहा ठिकाणी थांबून खाणं, माणशी ९०च्या आसपास युरो. संध्याकाळी चारला निघते. पैसे अजून भरलेले नाहीत.

बाबा ६७ वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, पण भाजी आणायला अजून सायकलच लागते. आई ६२. कॉलेजला रोज सायकलने जायची, मग लूना आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. बाबा मासे-चिकन खातात. आई शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं, ऑम्लेट नाही.

शहर चढउतारांचं आहे असं सगळीकडे वाचतेय. ई-सायकल असली की चढाचं टेन्शन नाही, असं नवरा म्हणतो. खरं का? आणि आईला सहा थांब्यांवर काय मिळणार? सहाही ठिकाणी ब्रेड-ऑलिव्ह खाऊन ती परत आली तर पुढची दहा वर्षं मला ऐकावं लागेल.

---

खडीसाखर

सरळ सांगतो, नका नेऊ. आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. गल्ल्या अरुंद, दगड गुळगुळीत, मध्ये ट्रामचे रूळ, त्यात टुकटुकवाले अंगावर येतात. हो, तिथेही रिक्षा आहेत, टुकटुकच म्हणतात. २८ नंबरच्या ट्राममध्ये सकाळी लवकर बसवा, खिडकीची जागा मिळते आणि शहर बघून होतं. फक्त पाकीट पुढच्या खिशात ठेवा. खाणं तुम्ही तुमचं शोधाल. ९० युरोंत तिघं पोटभर जेवाल.

---

मालवणी_माहेर

मी लिस्बनला राहते, माहेर मालवणचं. अगं (आई ६२ची म्हणजे तू माझ्याहून लहानच), खायचं नंतर. आधी त्या लोकांना मेल टाक आणि रस्ता विचार. कुठून निघता, कुठे संपवता, ग्रासाच्या टेकडीवर जाता की नाही, एवढंच.

कारण इथे 'ई-सायकल फूड टूर' या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकतात. एक नदीकाठची. काइश दु सोद्रे स्टेशनहून निघायचं, तेजू नदी डाव्या हाताला ठेवून बेलेंपर्यंत जायचं. सहा-सात किलोमीटर, सपाट, बहुतेक भाग गाड्यांपासून वेगळा. वाटेत २५ एप्रिलचा पूल लागतो. त्याच्या खालून जाताना वर मोहोळ उठल्यासारखं घोंघावतं, थांबून ऐकण्यासारखं आहे. वरच्या रस्त्याला काही लेनमध्ये लोखंडी जाळी आहे, तिच्यावरून गाड्या गेल्या की तो आवाज येतो. (पूल १९६६चा, तेव्हा नाव हुकूमशहा सालाझारचं होतं. १९७४च्या २५ एप्रिलला क्रांती झाली आणि हुकूमशाहीबरोबर पुलाची पाटीही गेली.)

दुसरी टेकड्यांची: बाइशा, अल्फामा, ग्रासा, मोरारीया. बाइशा सपाट आहे. १७५५च्या भूकंपात तो भाग जमीनदोस्त झाला, मग तेव्हाचा मंत्री पोंबाल याने सरळ रेघा मारून नवा बांधला. त्याच्या पलीकडे मात्र वरच चढायचं. तुझा नवरा म्हणतो ते चढापुरतं खरं आहे. मोटर चढायला मदत करते, उतरायला नाही. अल्फामातला खरा त्रास उताराचा आहे. वीस-बावीस किलोची सायकल, खाली चुनखडीचे घासून गुळगुळीत झालेले दगड, वळणावर रूळ, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस कधीही येतो. ओल्या दगडांवर मी पायीसुद्धा भिंतीला धरून उतरते.

म्हणून माझं मत: आईला नदीकाठची टूर द्या, खुशाल द्या, फार आवडेल. अल्फामा दुसऱ्या दिवशी, वर ट्रामने किंवा टॅक्सीने जाऊन खाली पायी. बाबांच्या गुडघ्यांना उतरणंही जाचेल म्हणा, पण मध्ये बसायला चहाच्या टपरीएवढी दुकानं पावलोपावली आहेत. तिथली छोटी काळी कॉफी मागवायची, तिला इथे 'बिका' म्हणतात.

चारची वेळ मात्र बदलून घे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर इथे पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. अर्धी टूर अंधारात जाईल. सकाळची घे.

आता खाणं. बाबांची चिंता नको. बिफाना म्हणजे लसूण आणि वाइनच्या रश्शात शिजवलेले डुकराचे पातळ काप, पावात घालून. त्यांना डुक्कर चालत नसेल तर तसं आधी कळव, कारण टूरवाल्यांची पहिली उडी तिथेच असते. बाकल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, तर मिळणारच. या लोकांचा जीव की प्राण आणि मासा यांच्या समुद्रातला नाहीच, नॉर्वेहून येतो. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजत घालतात तेव्हा कुठे मीठ उतरतं. आमच्याकडे सुकं खाल्लं तर शेजाऱ्यांना कळतं; इथे दुकानाबाहेरूनच वास येतो आणि कोणी नाक मुरडत नाही, मला पहिल्याच आठवड्यात हे शहर आपलं वाटलं ते त्यामुळे. बटाट्याबरोबर मळून तळलेल्या त्याच्या वड्या बाबांना नक्की द्या. ताज्या माशाचं जेवण मात्र सोमवारी ठेवू नका. रविवारी होड्या जात नाहीत, सोमवारी बाजार सुना असतो. भाजलेल्या तारल्यांचाही खरा मोसम जूनचा, सेंट अँथनीच्या जत्रेचा. १२ जूनच्या रात्री अख्ख्या अल्फामात धूर असतो.

आईचं जरा नीट वाच. 'व्हेजिटेरियन ऑप्शन अव्हेलेबल' या तीन शब्दांवर जाऊ नकोस, त्याचा अर्थ बहुधा चीज आणि ब्रेड. प्रत्येक थांब्यावर आईच्या पुढ्यात काय येणार ते लेखी माग. आणि हे सुचव:

पैशिन्युश द ओर्ता. ही फरसबीची भजी, शेंग अख्खीच पिठात बुडवून तळलेली. जपानी तेंपुरा पोर्तुगिजांच्या या तळणातून निघाला असं मानतात. पिठात बहुतेक अंडं असतं, आईच्या नियमात बसतं का तूच ठरव.

अझैतांवचं चीज. नदीपलीकडच्या गावचं, मेंढीच्या दुधाचं, वरचं टोपण कापून आतलं मऊ चीज चमच्याने खायचं. युरोपातल्या बऱ्याच पारंपरिक चीजला दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लावतात, याला लावत नाहीत. एका काटेरी झाडाच्या सुकवलेल्या फुलांच्या अर्काने दूध फाडतात. पोर्तुगालच्या जुन्या मेंढी-चीजमध्ये ही पद्धत आहे, सेर्रा द एश्त्रेलाच्या चीजलाही. कट्टर शाकाहारी माणसाला युरोपात बिनधास्त खाता येईल असं चीज, आणि चवीलाही अव्वल. आईला हे आधी सांग, मग ती ब्रेड-चीजबद्दल काही बोलणार नाही.

काल्दु वेर्द हे बटाट्याचं आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं सूप. दिसायला निष्पाप, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती तरंगते. ती काढून दिली तरी उकळताना आत होतीच. नको म्हणा.

पाश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी गोड वाटी. केकमधलं अंडं चालतं म्हणतेस, पण इथे अंडं लपलेलं नाही, भरलेलं आहे ते मुख्यतः बलकाचंच. त्यात काही ठिकाणी पारीला डुकराची चरबी वापरतात, विचारून घ्या. टूर बेलेंला जात असेल तर १८३७पासूनचं ते जुनं दुकान येतंच. शेजारचा मठ १८३४मध्ये सरकारने बंद केला आणि मठातली कृती दुकानात आली. बाहेरची रांग बघून घाबरू नका, ती नेण्यासाठीची आहे. बसून खायचं असेल तर आत खोल्यांमागून खोल्या आहेत. दालचिनी भुरभुरून, गरमच खा.

आणि एक आनंदाची बातमी. इथे कोथिंबीर खातात! ताजी, मूठमूठ. युरोपात हे भाग्य फार ठिकाणी नाही. लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि शिळा पाव यांची असोर्दा करतात. वर अंडं सोडतात, ते 'नको' म्हणता येतं, पण आतलं पाणी माशाचं नाही ना एवढं विचारा.

---

सिंहगडचढण

मी पुण्यात सायकलस्वारांच्या ग्रुपमध्ये आहे, ई-सायकलबद्दल तेवढं सांगतो. युरोपात भाड्याच्या साध्या ई-सायकलची मोटर २५० वॉटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, पेडल मारलं तरच. म्हणजे लूनासारखं नुसतं बसून जायचं नाही.

आईंना एकच गोष्ट शिकवा. थांबलेलं असताना पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. काही सायकली पेडलला नुसता भार आला की पुढे झेपावतात आणि दचकून माणूस हँडल सोडतो. थांबलं की दोन्ही ब्रेक धरलेले, पाय जमिनीवर. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे टेकतील. दम थोडा जास्त लागेल, पण धीर येतो. मोटर सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा. मधला दांडा नसलेली सायकल आधीच मागून ठेवा, साडी नसली तरी पाय टाकायला सोपी पडते.

रूळ आडवे ओलांडायचे, शक्य तितक्या काटकोनात. रुळाला समांतर जाताना चाक खाचेत गेलं की हँडल वळत नाही, माणूस पडतोच. शंका आली तर उतरून ढकलत न्या, त्यात कसली लाज.

आणि येण्याआधी आईंना आठवडाभर बाबांच्या सायकलवर सोसायटीत चकरा मारायला सांगा. तोल विसरत नाही, पण ब्रेक मारायची सवय विसरते.

---

मुळामुठा

बाप रे, एवढं सगळं! कंपनीला मेल केला. त्यांच्या दोन्ही टूर आहेत, मालवणीताई म्हणाल्या तसंच. आम्ही बघत होतो ती ग्रासाची निघाली. नदीकाठची सकाळी साडेनऊला आहे. शाकाहारी थांब्यांबद्दल विचारलं तर पहिलं उत्तर "डोंट वरी" आलं. दुसऱ्यांदा यादी मागितली, तेव्हा आली. भजी आहेत, अझैतांव आहे, सूपवर काट मारून घेतली. एका थांब्यावर "चमुका" लिहिलंय, 'सी'खाली शेपटी काढलेली. ते काय? आणि शेवटी 'जिंजिन्या' आहे, ती दारू ना? परत सायकल चालवायचीय की.

आईला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "हेल्मेट घातल्यावर केसांचं काय?" म्हणजे येतेय.

---

मालवणी_माहेर

चमुका नाही गं, शामुसा. आपला समोसा! गोव्यातून आणि मोझांबिकमधून इकडे आला. १९७५ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथली कितीतरी गोवेकर आणि गुजराती कुटुंबं लिस्बनला आली. आता कोपऱ्यावरच्या कुठल्याही बेकरीत काचेच्या कपाटात शामुसा असतो, शेजारी बाकल्यावच्या वड्या. पण आईला ओळखीचा त्रिकोण दिसला म्हणून ती पटकन उचलेल, आणि आत बहुतेक खिमा असतो, बऱ्याचदा बीफचा. भाजीचा कुठे कुठे मिळतो. हा थांबा यादीत ठळक कर. इतरत्र फसायला होणार नाही, इथेच होईल.

जिंजिन्या हे आंबट चेरीचं गोड मद्य, छोट्या पेल्यात. चेरीसकट की चेरीशिवाय, असं विचारतात. चेरीसकट सांगा, पण आत बी असते, बाबांच्या दातांना जपून. सायकली परत केल्यावर मगच देणार ना, हे विचारून घे. आधी देत असतील तर तो थांबा पायी, संध्याकाळी, रोसिउच्या बाजूला सां दोमिंगोश चौकात करा. तिथलं १८४०चं दुकान म्हणजे नुसता एक कठडा आहे, उभ्याने पिऊन निघायचं.

टूरबाहेर जेवायला बसाल तेव्हा न मागता ब्रेड, ऑलिव्ह, लोणी टेबलावर येईल. ते फुकट नसतं. हात लावला की बिलात. नको असेल तर आल्या आल्या परत पाठवा, कोणी रागावत नाही.

आईला एक दिवस भात-आमटीची आठवण झालीच तर मार्तीं मुनीजजवळ जा. बांगलादेशी, नेपाळी, आपली, सगळी दुकानं आहेत. मसूर, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. मी शनिवारी सकाळी तिथेच असते.

---

खडीसाखर

नदीकाठची असेल तर माझा विरोध मागे. पण पाकीट पुढच्या खिशात.

---

मुळामुठा

पैसे भरले. साडेनऊची, चौघांची. आईसाठी मधला दांडा नसलेली सायकल मिळतेय. बाबांनी विचारलंय की तिची सायकल मोटरची आणि माझी साधी असं करता येईल का. नाही सांगितलं.