अनुभव धागा : चर्चच्या शाळेचं मैदान, पोरांचे खेळ आणि त्यामागची कामं

वसईची_माई
रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) बाहेर पडले तर शाळेच्या मैदानावर फक्की (रेघा आखायची पांढरी पूड) मारणं चालू होतं. पांढऱ्या रेघा बघून शाळेचे दिवस आठवले, म्हणून हा धागा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेक धर्मग्रामांत (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) चित्र एकच: चर्च, बाजूला शाळा, मध्ये मैदान. त्याच मैदानावर पीटीचा तास, युवकांचा फुटबॉल, सणाचा मांडव आणि लग्नाच्या गाड्या. पोरं खेळतात ते सगळ्यांना दिसतं, त्यामागची कामं दिसत नाहीत. ज्यांचे हात या कामात आहेत त्यांनी नीट खुलासेवार लिहा. नवीन शिक्षकांना आणि युवकांना उपयोग होईल.

पीटी_सर_आगाशी
फक्कीपासूनच सुरुवात करतो. कोर्ट तिरकं का होतं? कोपरे डोळ्यांच्या अंदाजाने घेतात म्हणून. खुंटीपासून एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजा, दोन टोकांमधलं अंतर बरोबर ५ आलं की काटकोन झाला. चारही खुंट्या ठोकल्या की कर्ण तपासा. कबड्डी सबज्युनिअर ११ बाय ८, कर्ण १३.६० मी. ज्युनिअर मुली आणि महिला १२ बाय ८, कर्ण १४.४२. ज्युनिअर मुलगे आणि पुरुष १३ बाय १०, कर्ण १६.४०. खो-खो २७ बाय १६, कर्ण ३१.३८. दोन्ही कर्ण सारखे आले तरच दोरी ताणून फक्की सोडा. कापडी टेप ओढला की लांबतो, स्टीलचाच घ्या.

नंदाखालकर
सर, फोटो काढून ठेवला 🙏 फक्की मिळते कुठे? इथल्या हार्डवेअरवाल्याला विचारलं तर त्याने चुन्याची पिशवी पुढे केली.

सिस्टर_नर्स
चुना अजिबात घेऊ नका! कळीचा चुना ओल्या कातडीवर भाजतो, डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. कबड्डीत पोरं त्या रेघेवर तोंडावर पडतात. खडूची पूड किंवा पांढरी रांगोळी वापरा. चुकून चुना डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार निदान २० मिनिटं सोडायची आणि लगेच दवाखाना.

मालवणी_माणूस
आमच्याकडे पावसात कायच टिकणा नाय. म्हणून जून ते सप्टेंबर कोपऱ्यांवर रेघांऐवजी जमिनीलगत पुरलेले लाकडी ठोकळे. डोकं वर येता नये, नायतर पायाक लागता.

अ‍ॅथलेटिक्सवाले
मैदान लहान म्हणून ट्रॅक आखतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. ८८ बाय ४८ मीटर जागा असली तर चार लेनचा २०० मीटर ट्रॅक बसतो. सरळ बाजू ४० मीटरच्या दोन. उरले १२० मीटर, ते दोन अर्धवर्तुळांत. आतल्या रेघेची त्रिज्या १८.९० मी. धावण्याचं अंतर रेघेपासून २० सेंमी बाहेर मोजतात, म्हणजे हिशेब १९.१० त्रिज्येवर येतो. अर्धवर्तुळाच्या मध्यावर लोखंडी सळई ठोका. दोरीऐवजी तार घ्या, दोरी ओली झाली की लांबी बदलते आणि वळण अंड्यासारखं होतं. लेन १.२२ मी. रुंद. पूर्ण फेरीच्या शर्यतीत दर लेनला ७.६७ मी. पुढे सुरुवात द्यायची. हे न देता सगळ्यांना एका रेघेवर उभं केलं तर चौथ्या लेनच्या पोराला २३ मीटर जास्त पळावं लागतं. तो हरतो आणि त्याला वाटतं आपण हळू आहोत. लहान मुलावर याहून मोठा अन्याय नाही.

सळयांच्या जागी कायमचे सिमेंटचे खुणेचे दगड जमिनीच्या पातळीत पुरून ठेवा. पुढच्या वर्षी अर्ध्या तासात ट्रॅक तयार.

वसईची_माई
७.६७ चा हिशेब पहिल्यांदाच कळला. मनापासून आभार.

युवक_गिरीज
सणाचा मांडव उतरला की मैदानात खिळे, तारा, बांबूचे खड्डे राहतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून पूर्ण मैदानावर आडवं-उभं ओढायचं. खड्डे नुसत्या मातीने भरले तर पहिल्या पावसात बसतात आणि घोटा मुरगळतो. आधी खडी, वर माती, पाणी मारून धुम्मसने ठोकून घट्ट करायचं. मांडववाल्याशी बोलतानाच हे काम त्याच्याकडून ठरवून घ्या.

डिकॉस्टा_काका
गोलपोस्टबद्दल कोणी लिहिलं नाही. खाऱ्या हवेत पाइप सगळ्यात आधी जमिनीलगतच्या वीतभर भागात सडतो, कारण तिथे ओली माती चिकटून असते. वरून रंग छान दिसतो, आत पोकळ. दर मे महिन्यात माती बाजूला करून हातोडीने टकटक करा, बद्द आवाज आला तर पाइप गेला. जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाइप घ्या. बुडाशी सिमेंटचा गळा बाहेर उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. काळ्या पाइपाला पॉलिश पेपर मारून दोन हात रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. पावसाळी हवेत रंगवला तर पापुद्रे निघतात.

हलवता येणारे गोल मागच्या दांडीवर ओल्या वाळूच्या गोण्या ठेवल्याशिवाय उभे करू नका. आडव्या दांडीला पोरं लोंबकळतात, गोल पुढे उलटतो, आणि अशाने जगभर मुलं दगावली आहेत. खेळ संपला की गोल पालथे घालून साखळीने बांधा.

उत्तनची_पोर
जाळीसाठी बाजारात जाऊ नका. बंदरावर जाळी विणणाऱ्या काकांना नायलॉनची सुतळी नेऊन द्या, फाटलेली जाळी तासाभरात सांधून देतात आणि त्यांची गाठ सुटत नाही.

डिकॉस्टा_काका
बरोबर बोललीस गो. आता पापलेट कसं आहे बंदरावर?

उत्तनची_पोर
महाग, काका. मांदेली खा 😄

कोच_पापडी
चेंडू: ८ ते १२ वर्षांना ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. लहान पोराला मोठा चेंडू दिला की तो टोकाने मारायला शिकतो, ती सवय मग सुटत नाही. जांभ्याच्या खरीवर शिलाईचा चेंडू महिन्यात फाटतो, सरावाला मोल्डेड रबरी घ्या. हवा भरताना सुई ओली करून घाला, कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते. दाब चेंडूवर छापलेला असतो. उन्हात ठेवायचा चेंडू गच्च भरू नका.

धर्मशिक्षण_टीचर
वेळापत्रकाचं भान ठेवा, कळकळीने सांगते. रविवारी सकाळी सामने लावले की मुलं मिस्सा आणि धर्मशिक्षण दोन्ही बुडवतात, मग पालक आणि फादर दोघेही नाराज. दुपारी ३ नंतर लावा. नाताळच्या आधीचा आठवडा गायनवृंदाच्या सरावात आणि येशूजन्माचा गोठा सजवण्यात जातो, तेव्हा स्पर्धा नको. मुलींचा सराव अंधाराआधी संपवा, सोबत शिक्षिका हवीच, शिवाय कडी लागणारी खोली आणि पॅड. एवढं नसलं की मुली आठवीत खेळ सोडतात आणि आपण म्हणतो त्यांना आवड नाही.

सिस्टर_नर्स
अगदी खरं. परवानगीपत्रात दमा, फिट, अ‍ॅलर्जी आणि टीडीचं म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन (१० आणि १६ वर्षांचं) विचारून घ्या, मातीत खरचटतंच. नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबायचा. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी झाली तर त्या दिवशी परत मैदानात नाही, कितीही हट्ट केला तरी. आणि परतीच्या पावसात गडगडाट झाला की सगळे इमारतीत. शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटं थांबायचं. नारळाखाली कोणी उभं राहू नका.

वेंगुर्ल्याची_सून
ऑक्टोबरच्या उन्हात पोरांना कोकम सरबत द्या. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका, त्यात आधीच असतं. अमृतकोकममध्ये साखर असते, तिथे चिमूटभर मीठ घाला. माझ्याकडे घरचं आगळ आहे, कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नंदाखालकर
मला दोन बाटल्या!

क्लार्क_भाऊ
तालुक्याला संघ नेणार असाल तर कागद आत्ताच काढा. जन्मतारखेची कटऑफ १ जानेवारी असते. शाळेचं जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला तिन्हींत नाव अक्षर-न्-अक्षर जुळवा. एकीकडे डिसोजा, दुसरीकडे डिसूझा, असं झालं की पोरगं टेबलावरूनच परत येतं. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, जूनमध्येच बघा.

युवक_गिरीज
भाऊ, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वेगळं नाव असेल तर?

क्लार्क_भाऊ
खेळासाठी शाळेचं रजिस्टर आणि जन्मदाखला बघा. त्या दोघांतच फरक असेल तर आधी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, सोबत जन्मदाखल्याची प्रत जोडा.